देवाच्या विश्वासूपणाविषयीं सृष्टीची साक्ष

एखाद्या मनुष्यास आपण विश्वासू केव्हां म्हणतों? त्यानें एकदां चांगलें वागून दाखविलें एवढ्यावरून आपण तसें म्हणत नाहीं. अडचणीच्या दिवशींही त्याचा शब्द फिरत नाहीं, उशीर झाला तरी तो आल्यावांचून राहत नाहीं, आणि आपली पाठ वळली असतांही त्याचें वर्तन बदलत नाहीं, असा अनुभव पुष्कळ दिवस आल्यावर मग आपण त्याला हें नांव देतों. विश्वासूपणा हा गुणच असा आहे कीं, त्याची पारख होण्यास काळ लागतो. देवाच्या विश्वासूपणाविषयींही असेंच आहे. म्हणून पवित्र शास्त्राच्या लेखकांनीं त्याची साक्ष शोधतांना सृष्टीच्या क्रमाकडे वारंवार बोट दाखविलें; कारण इतक्या मोठ्या काळाचा हिशेब दुसऱ्या कोठेंही मांडलेला नाहीं. ही साक्ष काय आहे, ती कोठवर पुरते, आणि ती मानणाऱ्यावर कोणतें कर्तव्य येऊन पडतें, हें आम्ही या लेखांत विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवूं इच्छितों.

प्रथम शब्दाचा अर्थ पाहूं. जुन्या करारांत विश्वासूपणासाठीं जो इब्री शब्द येतो तो ‘एमुना’ हा होय. प्रार्थनेच्या शेवटीं आपण ‘आमेन’ म्हणतों, तो शब्दही त्याच धातूपासून निघालेला आहे. स्थिर असणें, पक्कें असणें, असा त्या धातूचा भाव आहे. निर्गमाच्या सतराव्या अध्यायांत हा शब्द एका साध्या प्रसंगीं आढळतो. अमालेकी लोकांशीं लढाई चालली असतां मोशे टेंकडीच्या माथ्यावर हात उंच करून उभा होता. हात जड झाले तेव्हां अहरोन व हूर यांनीं त्याला धोंड्यावर बसविलें आणि एकानें एका बाजूनें व दुसऱ्यानें दुसऱ्या बाजूनें त्याचे हात धरून ठेवले. सूर्य मावळेपर्यंत ते हात ढळले नाहींत, हें सांगण्यासाठीं तेथें हाच शब्द घातला आहे. तेव्हां देव विश्वासू आहे असें म्हणणें म्हणजे, कितीही वेळ गेला तरी त्याचा हात ढळत नाहीं, असें म्हणणें होय. तो आपल्या मनासारखें व आपण ठरविलेल्या वेळीं सर्व घडवून आणतो, असा त्या शब्दाचा अर्थ नाहीं. हा भेद ध्यानांत ठेवला म्हणजे पुढील विवेचन समजण्यास सोपें जाईल.

सृष्टीचा क्रम किती स्थिर आहे, हें भूगोल शिकणाऱ्या मुलास फारसें सांगावयास नको. पृथ्वी आपल्या आंसाभोंवतीं फिरते म्हणून दिवस व रात्र होतात. तो आंस सुमारें साडेतेवीस अंशांनीं कललेला आहे, व तसाच कललेला राहून ती ३६५ दिवस व सुमारें सहा तासांत सूर्याभोंवतीं एक फेरी पुरी करते, म्हणून ऋतु होतात. पुढील वर्षीं ग्रहण कोणत्या दिवशीं व किती वाजतां लागेल हें पंचांगांत आधींच छापलेलें असतें. शेतकऱ्यास हें गणित येत नसेल. परंतु मृग कधीं निघणार हें तो जाणतो, व त्या भरंवशावर भर उन्हांत नांगरट करून ठेवतो. जलप्रलय ओसरल्यावर देवानें जें अभिवचन दिल्याचें उत्पत्तीच्या आठव्या अध्यायांत लिहिलें आहे, तें याच क्रमाविषयीं आहे. पृथ्वी राहील तोंवर पेरणीचे व कापणीचे दिवस, थंडी आणि ऊन, रात्र आणि दिवस यांत खंड पडणार नाहीं, असा त्याचा आशय आहे. वाहून गेलेल्या जगांत ज्याला पहिलें बीं पुन्हां पेरावयाचें होतें, त्या नोहाला याच आश्वासनाची गरज होती.

येथें एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. सृष्टीकडे पाहून देवावर भरंवसा ठेवा, असें सांगणारीं पवित्र शास्त्रांतील हीं वचनें सुखांत बसलेल्या लोकांनीं उच्चारलेलीं नाहींत. नोहाचें अभिवचन प्रलयाच्या चिखलांत उभे असलेल्या कुटुंबास मिळालें. यिर्मया संदेष्ट्याची गोष्ट तर याहून स्पष्ट आहे. ख्रिस्तपूर्व ५८७ च्या सुमारास बाबेलच्या सैन्यानें यरुशलेमास वेढा घातला होता. नगरांत उपासमार चालू होती. आणि स्वतः यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकांत कैदेंत होता. अशा वेळीं त्यानें अनाथोथ येथील आपल्या चुलतभावाचें शेत १७ शेकेल रुपें तोलून देऊन विकत घेतलें, खरेदीखतावर साक्षीदारांच्या सह्या घेतल्या, आणि तें खत पुष्कळ दिवस टिकावें म्हणून मातीच्या भांड्यांत घालून ठेवण्यास सांगितलें. शत्रूच्या पायांखालीं गेलेल्या मुलखांतलें शेत कोणता शहाणा मनुष्य विकत घेईल? परंतु त्याच कैदेंत त्याला जें ईश्वरी वचन प्राप्त झालें तें तेहतिसाव्या अध्यायांत आहे. दिवसाशीं व रात्रीशीं देवानें केलेला करार जर कोणास मोडतां येईल, तरच त्यानें आपल्या लोकांशीं केलेला करार मोडेल, असा त्याचा भावार्थ आहे. चौकाच्या भिंतींआड असलेल्या त्या बंदिवानास मंदिर किंवा राजवाडा यांचा आधार राहिला नव्हता. पण सकाळ झाली हें त्याला तेथूनही दिसत होतें. पुढें नगर पडलें, जळालें. त्या राखेवर रचलेल्या विलापगीतांच्या मध्यभागीं पुन्हां सकाळचाच दाखला आला आहे. देवाची दया संपली नाहीं, ती प्रत्येक सकाळीं नव्यानें मिळते, अशी त्या शोक करणाऱ्याची ग्वाही आहे.

आतां कोणी म्हणेल कीं, सूर्य वेळेवर उगवतो हें खरें. पण जगांत पुष्कळ गोष्टी वेळेवर येत नाहींत, त्यांचें काय? याचें उत्तर एका धूमकेतूच्या इतिहासांत सांपडतें. १६८२ सालीं दिसलेला धूमकेतु हा १५३१ व १६०७ या सालीं दिसलेलाच असावा, असें इंग्रज खगोलशास्त्रज्ञ एडमंड हॅले यांस त्याच्या मार्गाच्या गणितावरून वाटलें. १७०५ सालीं त्यांनीं तें प्रसिद्ध केलें, व तो १७५८ च्या सुमारास पुन्हां दिसेल असें भाकित केलें. १७४२ सालीं हॅले वारले. १७५८ साल उजाडलें आणि महिन्यांमागून महिने गेले, तरी धूमकेतूचा पत्ता नव्हता. त्या वेळीं फ्रान्सांतील गणिती क्लेरो व त्यांचे सहकारी यांनीं मोठ्या कष्टानें हिशेब करून दाखविलें कीं, गुरु व शनि या मोठ्या ग्रहांच्या ओढीमुळें त्याच्या फेरीस सुमारें ६१८ दिवस अधिक लागतील. शेवटीं १७५८ च्या डिसेंबरच्या २५ तारखेस, म्हणजे नाताळच्याच दिवशीं, ड्रेस्डेन शहराजवळ राहणाऱ्या पालिच नांवाच्या एका शेतकऱ्यास आपल्या दुर्बिणींतून तो दिसला. पुढें १७५९ च्या मार्चांत तो सूर्याच्या सर्वांत जवळ आला. यांतील बोध उघड आहे. ज्याला लोक उशीर म्हणत होते, तोही नियमाच्या बाहेर नव्हता. पाहणाऱ्यांस गुरु व शनि यांचा हिशेब माहीत नव्हता इतकेंच. तोच धूमकेतु १९१० व १९८६ या सालीं येऊन गेला, आणि आज शाळेंत असलेल्या मुलांस तो २०६१ सालीं पाहावयास मिळेल.

आकाशांतून खालीं उतरून आतां आपल्या दारांतील एक साक्षीदार पाहूं. फाल्गुन-चैत्रांत दख्खनच्या पठारावर विहिरींचें पाणी तळास जातें, माळावरील गवत वाळून जातें, आणि पावसास अद्याप दोन-अडीच महिने असतात. नेमक्या अशा वेळीं पिंपळास तांबूस कोंवळी पालवी फुटते, करंज व कडुनिंब हिरवेगार होतात, आणि पळस तर अंगावर पान नसतां फुलून जातो. यालाच आपण चैत्रपालवी म्हणतों. पाऊस पडल्यावर पानें फुटणें हें समजण्यासारखें आहे. पण तीं पावसापूर्वींच कां फुटावीं? वनस्पतिशास्त्रज्ञ सांगतात कीं, मार्च महिन्याच्या सुमारास वाढत जाणारा दिवस ही कित्येक झाडांस खूण असते. जुनीं पानें गळल्यामुळें पाण्याचा खर्च थांबलेला असतो. मग खोडांत सांठलेलें व खोल मुळांनीं ओढलेलें पाणी खर्च करून झाड नवीं पानें काढतें. यामुळें पाऊस येतो तेव्हां पानें तयार असतात, आणि पहिल्या सरीबरोबर झाडाचें काम पुऱ्या जोमानें सुरू होतें. झाडास विचार नाहीं कीं प्रार्थना नाहीं. परंतु पाऊस जर निव्वळ लहरी असता, तर आपली शिल्लक आधींच खर्च करणारीं झाडें केव्हांच मरून गेलीं असतीं व ही रीत पृथ्वीवर टिकली नसती. असंख्य वर्षें पाऊस पुन्हां पुन्हां येत राहिला, म्हणूनच ती झाडाच्या अंगीं बाणली. या दृष्टीनें पाहिलें असतां चैत्रांतील प्रत्येक कोंवळें पान हें मागील सर्व पावसाळ्यांचें प्रमाणपत्र आहे.

तथापि पाऊस चुकतो, ही गोष्टही तितकीच खरी आहे. आणि अवर्षणाच्या मुलखांतील वाचकांपुढें ती लपवून ठेवणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. १८७६ ते १८७८ या वर्षांच्या दुष्काळांत दख्खन व दक्षिण हिंदुस्थान येथें लाखों माणसें मृत्युमुखीं पडलीं. १९७२ सालचा दुष्काळ पुष्कळ आजी-आजोबांच्या स्मरणांत अद्याप आहे. त्या वर्षीं सबंध देशांतील पावसाळ्याचा पाऊस सरासरीहून सुमारें एक-चतुर्थांश कमी पडला, आणि महाराष्ट्राच्या कित्येक जिल्ह्यांत तर स्थिति याहून फार वाईट होती. खडी फोडणाऱ्या हातांस त्या वर्षीं देव विश्वासू वाटला असेल काय?

या प्रश्नाचें उत्तर एका वाक्यांत देतां येत नाहीं; परंतु त्याचे दोन भाग करतां येतात. पहिला भाग असा कीं, चुकलेल्या पावसाच्या पाठीमागेंही अंदाधुंदी नसते. हिंदुस्थानच्या हवामान खात्याची स्थापना १८७५ सालीं झाली. १९०४ पासून १९२४ पर्यंत त्याचे प्रमुख असलेले सर गिल्बर्ट वॉकर यांनीं पाऊस कां चुकतो याचा शोध करतां करतां दूरदूरच्या ठिकाणचे आंकडे जुळवून पाहिले. पॅसिफिक महासागरावरील हवेचा दाब व हिंदी महासागराच्या बाजूचा दाब हे तराजूच्या दोन पारड्यांप्रमाणें वर-खालीं होतात, असें त्यांस आढळलें. पेरू देशाच्या किनाऱ्याजवळ नाताळच्या सुमारास समुद्राचें पाणी उबदार होतें, म्हणून तेथील कोळ्यांनीं त्या प्रवाहास ‘एल निनो’, म्हणजे बाळ येशू, असें नांव दिलें होतें. ज्या वर्षीं पॅसिफिक महासागरांतील ही ऊब फार वाढते, त्या वर्षीं आपल्याकडे पाऊस पुष्कळदां कमी पडतो, हें पुढें समजून आलें. १८७७ व १९७२ हीं अशींच वर्षें होतीं. आज या ज्ञानामुळें पुष्कळ आधीं सावध होतां येतें. सृष्टि नियमबद्ध आहे, म्हणूनच असा शोध लागूं शकला. जगांत नियमच नसता, तर दुष्काळाशीं झुंजण्यास मनुष्याच्या हातीं कांहींच उरलें नसतें.

दुसरा भाग यापेक्षां अवघड आहे. नियम समजल्यानें शोक करणाऱ्याचे डोळे पुसले जात नाहींत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे किल्लारी व आसपासच्या गांवीं भूकंप झाला आणि हजारों माणसें झोंपेंतच दगडमातीच्या घरांखालीं सांपडलीं. त्या पहांटेनंतरही सूर्य ठरल्या वेळीं उगवला. ज्याचें सर्व कुटुंब गेलें, त्याला केवळ त्या सूर्योदयावरून देवाचें प्रेम कळेल असें आम्ही म्हणत नाहीं, व पवित्र शास्त्रही तसें म्हणत नाहीं. उलट प्रेषित पौल रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या आठव्या अध्यायांत सांगतो कीं, सर्व सृष्टि कण्हत आहे व सुटकेची वाट पाहत आहे. प्रभु येशूनें चिमण्यांचा दाखला दिला, तो नीट वाचावा. चिमणी भूमीवर पडणारच नाहीं, असें त्यानें म्हटलें नाहीं. ती पडते तेव्हां पित्यावांचून पडत नाहीं, असें त्याचें सांगणें आहे. देवाचा हात स्थिर आहे एवढें सृष्टि सांगते. तो हात कोणाचा आहे, व तो आपल्या दुःखांत शिरतो कीं दूर राहतो, हें समजण्यास आपणांस वधस्तंभाकडे जावें लागतें. तेथें त्या हातास खिळे ठोकलेले दिसतात. त्या दिवशीं भर दुपारीं अंधार पडला. आणि तिसऱ्या दिवशीं पहांटे स्त्रिया कबरेपाशीं गेल्या तेव्हां ती रिकामी होती. ख्रिस्ती मनुष्य सकाळकडे पाहून धीर धरतो, तो या सकाळीमुळें. सृष्टीची साक्ष या मोठ्या साक्षीशीं जोडून घेतली म्हणजे मग ती शोकाच्या दिवशींही उपयोगीं पडते.

आतां कर्तव्याविषयीं. देवाच्या विश्वासूपणावर जो खरोखर भरंवसा ठेवतो, तो हात जोडून स्वस्थ बसत नाहीं. यिर्मयानें शेत विकत घेतलें, हें आपण पाहिलेंच. आकाशांतील पांखरांस पिता चारतो हें खरें. पण दाणा टिपण्यासाठीं पांखरास घरट्याबाहेर पडावें लागतें. दुष्काळाच्या वर्षींही आपल्या खेड्यांतील आया-आज्या बियाण्याची ज्वारी वेगळी राखून ठेवीत. पोरें भुकेनें रडत असतां त्या दाण्यांस हात न लावणें किती कठीण असेल, याची आज आपणांस कल्पना करवत नाहीं. १२६ व्या स्तोत्रांत रडत रडत बीं घेऊन जाणाऱ्या मनुष्याचें चित्र आहे. त्या रडण्याचा अर्थ अशा घरांस चांगला कळला असता. पुढील पावसावर विश्वास नसेल तर बीं कोण राखील?

पंडिता रमाबाई यांचें उदाहरण या ठिकाणीं देण्यासारखें आहे. १८७४ च्या सुमारास, त्या अवघ्या सोळा वर्षांच्या असतां, दुष्काळानें त्यांचे आईबाप नेले. उपासमार म्हणजे काय हें त्यांस पुस्तकांतून शिकावें लागलें नव्हतें. तरीही, किंवा त्यामुळेंच, १८९६-९७ च्या दुष्काळांत त्या मध्यप्रांतांत गेल्या, व तेथून निराधार मुलींना आणून त्यांनीं केडगांव येथें आश्रय दिला. त्या मुलींना देवाचा विश्वासूपणा कोणत्या रूपानें दिसला असेल? एका विधवा बाईनें पुढें केलेल्या भाकरीच्या रूपानें. याच प्रकारें अहमदनगर (आतांचें अहिल्यानगर) जिल्ह्यांत काम केलेले स्वित्झर्लंडचे जेसुइट धर्मगुरु फादर हर्मन बाखर यांनीं कोरडवाहू गांवांतील लोकांस बरोबर घेऊन पाणलोट क्षेत्राचीं कामें उभीं केलीं. सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरास वर्षाकाठीं ५००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. पण डोंगर ओलांडून वारे पूर्वेस आले म्हणजे त्यांतील पाणी सरलेलें असतें, व या जिल्ह्याच्या वांट्यास त्याचा फार लहान हिस्सा येतो. पाऊस वाढविणें कोणाच्या हातीं नाहीं. परंतु उतारावरून धांवणारें पाणी थोपविलें तर तें जमिनींत मुरतें व विहिरींत उतरतें, हा नियम दर वर्षीं खरा ठरतो. म्हणून माथ्यापासून पायथ्यापर्यंत समतल चर खणावे, बांध घालावे, झाडें लावावीं, व गुरांस मोकाट चरूं देऊं नये. हें काम श्रमदानाचें व चिकाटीचें आहे. देवाच्या नियमावर विश्वास ठेवून कुदळ उचलणें, हीही एक प्रकारची प्रार्थनाच होय.

शेवटीं विद्यार्थ्यांस आमची एक सूचना आहे. शाळेच्या किंवा घराच्या जवळचें एक झाड निवडा, व वर्षभर एका वहींत त्याची नोंद ठेवा. त्याचें शेवटचें जुनें पान कधीं गळलें, पहिली पालवी कधीं दिसली, फूल व फळ कधीं आलें, आणि पहिला पाऊस कोणत्या तारखेस पडला, हें लिहून ठेवा. पालकांनीं या कामीं मुलांस साह्य करावें, आणि आपल्या लहानपणींच्या दुष्काळाच्या व सुकाळाच्या आठवणीही त्यांस सांगाव्या. तारखा दर वर्षीं थोड्याफार मागेंपुढें होतील. एखाद्या वर्षीं पाऊस फसवील व नोंद निराशेची होईल. पण अशा दहा वर्षांच्या वह्या एकावर एक ठेवून पाहिल्या, तर एका वर्षाच्या पानावर जें दिसलें नव्हतें तें त्यांत दिसूं लागेल. विश्वासूपणा दिसण्यास काळ लागतो, असें आम्ही आरंभीं म्हटलें तें याचसाठीं. परीक्षेंतील अपयश, घरांतील आजार, बापाची गेलेली नोकरी, असे प्रसंग आपल्यापैकीं प्रत्येकावर केव्हां ना केव्हां येणारच. अशा दिवशीं मनास धीर देण्यासाठीं दूर जावयास नको. अंगणांतील झाडाकडे पाहावें, ज्यानें त्याला पाऊस येण्यापूर्वींच पालवी दिली त्याचें स्मरण करावें, आणि आपल्या वांट्याची पेरणी करण्यास उठावें.